राणीची विद्या कोणाच्या खात्यावर? : क्लिओपात्रा, नाणेघाटातील नागनिका आणि आपण

इजिप्तची राणी क्लिओपात्रा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? दुधातली आंघोळ, डोळ्यांतले काजळ, छातीला डसणारा साप आणि तिच्या पायाशी लोळण घेणारे दोन रोमन सेनापती. एलिझाबेथ टेलरचा १९६३ चा चित्रपट ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्याही मनात हेच चित्र पक्के आहे. या बाईने इसवी सनपूर्व ५१ ते ३० अशी एकवीस वर्षे एक देश चालवला, ही गोष्ट मात्र कोणाच्या तोंडी नसते.

प्लुटार्क नावाच्या ग्रीक चरित्रकाराने तिच्यानंतर शे-दीडशे वर्षांनी लिहिताना स्पष्ट नोंदवले आहे की तिचे रूप काही अजोड वगैरे नव्हते. माणसे बांधली जात ती तिच्या बोलण्याने. इथिओपियन, हिब्रू, अरब, सीरियन, मेड, पार्थियन अशा अनेक लोकांशी ती दुभाष्याशिवाय बोलत असे. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या घराण्यात इजिप्तच्या सामान्य जनतेची भाषा शिकलेली ती पहिलीच. टॉलेमी घराणे मूळचे मॅसिडोनियाचे, ग्रीक बोलणारे. जवळजवळ तीनशे वर्षे त्यांनी ज्यांच्या घामावर राज्य केले त्यांची भाषा शिकण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. (हे वाचून कोणाला आपल्याकडची संस्कृत आठवली तर आमचा इलाज नाही.)

ती ज्या अलेक्झांड्रियात वाढली ते शहर म्हणजे त्या काळच्या विद्येची राजधानी. तिथल्या ग्रंथालयाचा प्रमुख एरॅटोस्थेनिस याने तिच्या दोनशे वर्षे आधी सावलीच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ मोजला होता. ज्युलियस सीझरने रोमचे बिघडलेले पंचांग दुरुस्त करून इसवी सनपूर्व ४५ पासून नवे लागू केले, तेव्हा त्याचा सल्लागार होता अलेक्झांड्रियाचा सोसिजेनिस. आज आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर त्याच पंचांगाची सुधारलेली आवृत्ती आहे. केस गळणे, त्वचेचे विकार, वजने-मापे यांवरचे लेखन क्लिओपात्राच्या नावावर पुढे वैद्यांमध्ये फिरत राहिले. गॅलनसारख्या मोठ्या वैद्याच्या ग्रंथात त्यातले नुस्खे आले आहेत. ते सारे तिनेच लिहिले असे छातीठोक सांगता येत नाही. पण औषधाच्या पुस्तकावर नाव घालायला लोकांना हीच राणी सुचते, यालाही काही अर्थ आहे. दहाव्या शतकातला अरब इतिहासकार अल-मसूदी तर तिला विदुषी आणि तत्त्वज्ञ म्हणतो. इजिप्तचे अभ्यासक ओकाशा अल-दाली यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही अरबी परंपरा उजेडात आणली. युरोपने जिला शय्येवर पाहिले तिला अरबांनी पुस्तकांजवळ पाहिले होते.

मग हे दुसरे चित्र गेले कुठे? ऑक्टेव्हियनने इसवी सनपूर्व ३२ मध्ये युद्ध पुकारले ते अँटनीविरुद्ध नाही, तिच्या एकटीविरुद्ध. रोमन माणसाशी लढतो म्हटले असते तर ती यादवी ठरली असती, परक्या जादूगारणीशी लढतो म्हटले की धर्मयुद्ध झाले. तो जिंकला, आणि जिंकणाऱ्याच्या दरबारातल्या कवींनी तिला कायमचे तसे करून ठेवले. जेत्याने बाईला शरीरापुरते उरवणे ही युक्ती आपल्याला नवीन नाही. आपल्या आयाबहिणींच्या बाबतीत गावोगावी तेच झाले आहे.

इथपर्यंतचे सगळे आजकाल स्त्रीवादी मंडळीही लिहितात आणि योग्यच लिहितात. आमचे म्हणणे यापुढे सुरू होते. राणी विद्वान होती हे सिद्ध झाले, आता ती विद्या कोणाच्या कामी आली?

बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनपूर्व ३३ मधला एक पपायरस आहे. त्याच्या तळाशी एकच ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘तसे होवो’. हे अक्षर खुद्द क्लिओपात्राचे असावे असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर तिच्या हातचा आज उरलेला एकमेव शब्द तो. आणि तो आहे कशावर? अँटनीच्या गोटातल्या एका बड्या रोमनाला करमाफी देणाऱ्या हुकमावर. दरवर्षी १०,००० मापे गहू देशाबाहेर न्यायला आणि ५,००० कुंभ दारू आत आणायला त्याला कर माफ. नाईलच्या काठी तो गहू पिकवणाऱ्याला कर माफ होता का, हे विचारायची गरज नाही. आणखी एक गोष्ट प्लुटार्कनेच सांगितली आहे. कोणत्या विषाने कमी वेदना होतात हे पाहण्यासाठी तिने मृत्युदंडाच्या कैद्यांवर विषांचे प्रयोग केले. शास्त्रीय जिज्ञासा म्हणावी तर ती आहेच, पण तिची प्रयोगशाळा म्हणजे दुसऱ्याचे शरीर.

आता घरी येऊ. बहुतेक अभ्यासकांनी दिलेला काळ धरला तर क्लिओपात्राच्याच शतकात सह्याद्रीत एक राणी दगडावर हिशोब कोरून घेत होती.

आमच्या नागापूरच्या एमआयडीसीतली पोरे सुट्टी मिळाली की मोटरसायकली काढून कल्याण रोडने माळशेज आणि नाणेघाटाला जातात. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायचा, दगडी रांजणाजवळ फोटो काढायचा, ‘जकातीची नाणी यात टाकत’ एवढे ऐकायचे आणि परत यायचे. त्याच घाटाच्या माथ्यावर खडकात खोदलेली एक खोली आहे. तिच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे. १८२८ मध्ये कर्नल साइक्सने त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकांवर काम केले आणि १८८३ मध्ये ब्यूलरने त्याचे वाचन छापले. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज त्यांचे पायांचे अवशेष आणि वरची नावे उरली आहेत : सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, राजपुत्र, आणि एक महारठी. हीच नायनिका म्हणजे नागनिका. ती महारठी घराण्यातली लेक, पहिल्या सातकर्णीची राणी आणि त्याच्या पश्चात मुलांच्या वतीने कारभार पाहणारी आई, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिचे नाव असलेली नाणीही सापडली आहेत. भारतात नाण्यावर नाव आलेल्या अगदी सुरुवातीच्या राण्यांपैकी ती एक.

या लेखाला विज्ञानाच्या इतिहासात मोठे स्थान आहे, आणि ते आहे त्यातल्या आकड्यांमुळे. भारतात अंकचिन्हांचा इतका भरगच्च वापर असलेला एवढा जुना लेख क्वचितच मिळतो. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन. चार, सहा, सात, नऊ यांना स्वतंत्र चिन्हे. दहा, वीस, ऐंशी, शंभर, हजार यांनाही स्वतंत्र चिन्हे. शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. मग मोठी संख्या कशी लिहायची? शंभराच्या चिन्हाला साताचे चिन्ह जोडले की सातशे, हजाराच्या चिन्हाला चाराचे जोडले की चार हजार. म्हणजे १,७०० लिहायला हजार आणि सातशे अशी दोन चिन्हे शेजारी मांडायची. २४,४०० ला तीन : वीस हजार, चार हजार, चारशे. आज आपण ज्यांना देवनागरी अंक म्हणतो आणि जगभर जे अंक चालतात, त्या दोघांच्याही वंशावळीत वरच्या बाजूला ही ब्राह्मी चिन्हे आहेत. जगाच्या अंकगणिताचा इतका जुना कागद आपल्या शेजारच्या जिल्ह्यात उघड्यावर आहे, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतो.

पण ही चिन्हे मोजतात काय? लेखात यज्ञांची यादी आहे. अग्न्याधेय, अन्वारंभणीय, राजसूय, अश्वमेध आणि आणखी कितीतरी. प्रत्येकापुढे दक्षिणा. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती. कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे. कुठे चांदीचे १७ घडे, कुठे एक उत्तम गाव, कुठे २४,४०० कार्षापण. एका यज्ञाला १०,००१ गाई. शेवटच्या त्या एका गाईकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. दहा हजारांवर एक, म्हणजे हिशोब किती काटेकोर! त्या गाई कोणी राखल्या, कोणाच्या गोठ्यातून आल्या, त्या ‘उत्तम गावा’त राहणाऱ्या माणसांना आपला मालक बदलल्याचे कधी कळले, याला मात्र एकही चिन्ह नाही. खाली घाटात कल्याण-सोपाऱ्याहून माल वाहून आणणाऱ्यांकडून घेतलेली जकात आणि वर भिंतीवर कोरलेली दक्षिणा यांच्यात अंतर फार नाही.

एवढे वाचून आमचे काही मित्र म्हणतील, ‘मग ही राणी ब्राह्मणांचीच, सोडा तिला.’ आम्ही तिला सोडत नाही, आणि त्याचे कारण त्याच लेखात आहे. तिथे राणीचे वर्णन कसे आहे? घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. ब्रह्मचर्य पाळणारी. महिनामहिना उपवास करणारी. दीक्षा, व्रते आणि यज्ञ यांत निष्णात असलेली.

आता मनुस्मृती उघडा. पाचव्या अध्यायातला १५५ वा श्लोक सांगतो की स्त्रीला वेगळा यज्ञ नाही, व्रत नाही, उपवासही नाही. पतीची सेवा हेच तिचे सर्वस्व. नाणेघाटाच्या भिंतीवर ज्या तीन गोष्टींसाठी राणीचा गौरव होतो, नेमक्या त्याच तीन गोष्टी मनू यादी करून काढून घेतो. यज्ञ, व्रत, उपवास. दुसऱ्या अध्यायात तो मुलींचे संस्कार मंत्राविना करायला सांगतो आणि विवाह हेच तिचे उपनयन ठरवतो. अकराव्या अध्यायात तरुणीला अग्निहोत्रापासून दूर ठेवतो. असल्या बंदीच्या तरतुदी हवेतून येत नाहीत. जी गोष्ट कोणी करतच नाही तिच्यावर बंदी घालण्याची कोणाला गरज पडत नाही.

काही विद्वान म्हणतात की यज्ञ राजाचे, राणी फक्त सोबत बसली. लेख जागोजाग तुटलेला आहे, त्यामुळे हा वाद चालत राहील. पण तिच्या व्रतांचे, उपवासांचे आणि यज्ञातल्या जाणकारीचे वर्णन तुटलेले नाही. ते तिचे आहे.

बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा १९५१ मध्ये ‘महाबोधी’ नियतकालिकातल्या हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरील लेखात मांडला होता. स्त्रियांच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार, असा आरोप एका साप्ताहिकातून झाला होता, त्याला ते उत्तर होते. मनूच्या आधी स्त्रीला उपनयनाचा आणि अध्ययनाचा अधिकार होता, हे त्यांनी अथर्ववेद, पाणिनी आणि पतंजली यांच्या आधारे दाखवले आणि तो अधिकार हिरावणारा मनू आहे हे सिद्ध केले. नागनिकेचा लेख हा त्या युक्तिवादाच्या बाजूचा आपल्या मातीतला पुरावा आहे. बाबासाहेबांनी ग्रंथांतून जे मांडले ते इथे दगडावर आहे. २५ डिसेंबरला महाडच्या मनुस्मृती दहनाबद्दल बोलताना आपले वक्ते हजार गोष्टी सांगतात. त्यांनी या भिंतीचीही साक्ष काढावी, असे आम्हाला वाटते.

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. मोबाइलवर वरचेवर फिरणारा एक संदेश असा असतो : नागनिका म्हणजे नाग, नाग म्हणजे बौद्ध, म्हणून नागनिका बौद्ध राणी. आमच्या गावाचे नाव नागापूर, तेव्हा हे समीकरण आम्हालाही गोड लागते. नागवंशाबद्दल बाबासाहेबांनी १९५६ च्या नागपूरच्या भाषणात आणि त्याआधी अस्पृश्यांवरील ग्रंथात जे मांडले ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण बाबासाहेब नावावरून निकाल देऊन थांबत नसत, पुराव्यांची रांग लावत. आणि इथला पुरावा उलट बोलतो. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे. त्यानंतर यज्ञ. ओढूनताणून तिला बौद्ध केले, तर समोरचा एक ओळ वाचून दाखवेल आणि आपला मनूविरुद्धचा भक्कम मुद्दाही त्याबरोबर वाहून जाईल. ती वैदिक यज्ञ करणारी राणी होती, म्हणूनच तिची साक्ष मनूच्या बाजूच्या लोकांना नाकारता येत नाही.

आणि बौद्ध नागनिका हवीच असेल तर ती आहे. रायगड जिल्ह्यात कुड्याची लेणी आहेत. तिथल्या एका दानलेखात पदुमनिका नावाच्या प्रव्रजितेने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. ती स्वतःची ओळख काय सांगते? प्रव्रजिता नागनिकेची मुलगी. आई संन्यासिनी, मुलगी संन्यासिनी, आणि दानात तिच्यासोबत तिची शिष्या बोधी. शिष्येसाठी लेखातला शब्द आहे अंतेवासिनी, म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारी. या तीन बायकांपैकी कोणीही राणी नव्हती. त्यांच्याकडे हत्ती नव्हते, गावे नव्हती. पण एकीने दुसरीला शिकवले याची नोंद दगडावर राहिली. थेरीगाथेतली पुण्णिका आठवा. पाणी भरणारी दासी, आणि थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, मग बेडूक-कासवे आधी स्वर्गात जातील ना? विद्या राजवाड्याबाहेर आली की तिचा सूर असा बदलतो.

आकड्यांचेही तसेच. नाशिकच्या लेण्यांत, क्रमांक १० मध्ये, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज खर्चायचे. त्यातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. करून पाहा : २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना बारा-बारा दिले की बरोबर २४०. हिशोब चोख बसतो. हाच उषवदात दुसऱ्या लेखात ब्राह्मणांना गाई आणि गावे दिल्याचेही अभिमानाने सांगतो, त्यामुळे त्याला डोक्यावर घ्यायचे कारण नाही. पण पैसा कोणाकडे ठेवला ते बघा. विणकरांकडे. म्हणजे कष्टकऱ्यांच्या श्रेणीला व्याजाचा हिशोब ठेवता येत होता आणि राजघराण्याचा त्यांच्यावर भरवसा होता. जुन्नरच्या लेण्यांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींची नावे येतात. ज्यांना पुढे ‘तुमच्या जातीला अक्षर कशाला’ म्हणून शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्यांच्या पूर्वजांचे हे व्यवहार आहेत.

मध्ये काय घडले याचा एक दुवा त्याच नाशिकला, लेणे क्रमांक ३ मध्ये आहे. राजमाता गौतमी बलश्री हिने पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी हे लेणे भिक्खू संघाला दिले. सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी, तप आणि उपवास करणारी असे तिचे वर्णन आहे. म्हणजे नागनिकेपासून दीडशे-दोनशे वर्षांनीही राजघराण्यातल्या बाईचे व्रत-उपवास तिचे स्वतःचे होते. पण त्याच लेखात तिच्या मुलाची, गौतमीपुत्राची, थोरवी सांगताना त्याला ‘एकब्राह्मण’ म्हटले आहे आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला म्हणून त्याचे कौतुक केले आहे. लेणे बुद्धाच्या संघाला आणि स्तुती वर्णव्यवस्थेच्या राखणीची! आपल्याकडे सातवाहनांना सरसकट ‘आपले’ म्हणून मिरवणाऱ्यांनी ही ओळ एकदा सावकाश वाचावी. दान मिळाले म्हणून संघाचा विचार राजवाड्यात शिरलाच असे होत नाही. मंत्र्यांनी विहाराला निधी दिला की लगेच सत्काराचे फलक लावणाऱ्या आपल्या आजच्या कार्यकर्त्यांनाही हे लागू आहे, पण तो वेगळा विषय.

नागनिकेपासून साधारण एकोणीस शतके पुढे या. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनने आपल्या अहमदनगरात ‘ज्ञानोदय’ सुरू केले. त्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. तिच्या हाती ना राज्य होते ना यज्ञ. जेमतेम तीन वर्षांचे शिक्षण होते. तिने मांग-महारांच्या बायकांची बाळंतपणे उघड्यावर कशी होतात ते लिहिले, आणि वेद आमचेच असे ब्राह्मण म्हणतात तर मग आम्ही धर्मपुस्तकाविना राहिलो, आमचा धर्म तरी कोणता, असे थेट विचारले. ज्या वेदांच्या यज्ञांवर एका राणीने हजारो गाई मोजून दिल्या होत्या, त्या वेदांचा हिशोब या मुलीने मागितला. निबंध छापला तेव्हा ती चौदा वर्षांची होती.